खंबाटकीचा चढ, बोगद्याचा उतार

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की सारोळ्याला नीरा ओलांडायची, मग शिरवळ, मग खंडाळा. खंडाळा मागे पडले की जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची वाट वेगळी होते. जाणारा खंबाटकीचा जुना घाट चढतो. येणाऱ्याला घाट लागत नाही. तो वेळे गावाच्या अंगाने बोगद्यात शिरतो, डोंगराच्या पोटातून अलीकडे निघतो आणि थेट उताराला लागतो. घाटाच्या बाजूला शनिवारी सकाळी, दिवाळीच्या तोंडावर किंवा मे महिन्यात जाऊन बघा. ट्रक पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत असतात. त्यांतला एखादा पुढच्याला ओलांडायच्या नादात सगळी वाट अडवून बसतो, डावीकडच्या कच्च्या पट्टीतून मोटारी घुसतात, कुणाचे रेडिएटर उकळते, कुणाची क्लच प्लेट जळून वास सुटतो. शिव्यांची लाखोली, काच खाली करून हातवारे, उतरून कॉलर धरणे, सगळे इथे चालते. पण गाड्या माणसाच्या चालीने सरकत असतात, त्यामुळे नुकसान होते ते बहुधा बंपरचे आणि अब्रूचे. बोगद्याच्या बाजूला भांडायला फुरसतच नसते. माणसे मरतात ती तिथे.

१० एप्रिल २०१८ च्या पहाटे कर्नाटकातल्या विजयपूरकडून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो बोगदा ओलांडून याच उतारावरच्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या वळणावर कठड्याला धडकून उलटला. अठरा जण गेले. टेम्पो मालवाहू होता आणि त्यात तीसहून अधिक माणसे, त्यांचे संसाराचे सामान, फावडी-घमेली होती. त्या अपघातात कुणी कुणाला कट मारला नव्हता, कुणी कुणावर चिडले नव्हते. पहाटेची वेळ, उतार, लागोपाठ दोन उलटसुलट वळणे आणि माणसांनी भरलेली मालवाहू गाडी, एवढेच होते.

रस्त्यावरचा राग आणि रस्त्यावरचे मरण यांचे नाते तपासायचे तर खंबाटकी हे सोयीचे ठिकाण आहे, कारण इथे ते एकाच डोंगराच्या दोन अंगांना विभागून ठेवलेले दिसते. आपल्याकडे मात्र दोन्हींची एकच मोट बांधायची सवय आहे. अपघात झाला की चालक बेदरकार, चालक बेदरकार कारण तो तापट, आणि तापट आहे म्हणून उपाय काय तर ‘संयम बाळगा’ची पाटी, रस्ता सुरक्षा सप्ताहात गुलाबाचे फूल, फार तर पोलीस बंधूंच्या उपस्थितीत शपथ. ही साखळी मला फारशी पटत नाही. रस्त्यावरचा राग अनावर असतो हे तर अजिबात पटत नाही. तो माणूस बघून येतो, गाडी बघून येतो, आणि पुढे काय होईल याचा हिशेब मनात झाल्यावर येतो.

आधी मरणाचे आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. महाराष्ट्राचा वाटा ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. पुढच्या वर्षी मृत्यू १५,३६६ झाले. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्ग दोन टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यूंपैकी ३६ टक्के त्यांच्यावर. कारणांच्या रकान्यात ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर, पाच टक्क्यांहून थोडे अधिक उलट्या बाजूने गाडी चालवण्याच्या नावावर. मग मद्यपान, मोबाइल, सिग्नल तोडणे आणि उरलेले ‘इतर’. रागाचा रकाना नाही.

अतिवेगाचा हा ७१ टक्क्यांचा आकडा जरा जपून घ्यावा. अपघाताची फिर्याद ज्याने वाचली आहे त्याला ते वाक्य पाठ असते: ‘भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. वेग कुणी मोजलेला नसतो. हवालदार पोहोचतो तेव्हा गाड्या थांबलेल्याच असतात. वळणाची त्रिज्या, रस्त्याचा आडवा कल, कठडा कुठे संपतो, पट्टे पुसले आहेत का, हे सगळे ‘रस्त्याच्या परिस्थिती’त येते आणि त्याकडे दुर्लक्ष केल्याचा दोष परत चालकावरच. आयआयटी मद्रास आणि एनआयसीने उभारलेल्या अपघात नोंदणीच्या संगणकीय व्यवस्थेत आता जागेवरून फोटो आणि ठिकाण टिपले जाते, रस्त्याच्या खात्याकडूनही माहिती मागवली जाते. प्रायोगिक सहा राज्यांत महाराष्ट्र होता. सुधारणा आहे. पण फिर्यादीची भाषा अजून तीच आहे.

आणि रागाची नोंद होते कुठे? मारामारीच्या गुन्ह्यात. ‘गाडीला कट मारल्याच्या कारणावरून’, ‘साइड न दिल्याच्या रागातून’, ‘हॉर्न वाजवल्याचा जाब विचारला म्हणून’ अशा बातम्या सातारा-सांगलीच्या पानांवर नेमाने येतात, आणि त्यांचे गुन्हे दुखापत, शिवीगाळ, धमकी या कलमांखाली जातात. अपघाताची फाइल वेगळी. एखाद्याने चिडून दहा किलोमीटर पाठलाग केला, समोरच्याला दाबत नेले आणि तो दुभाजकावर आदळून मेला, तर ती नोंद अतिवेगात जाते. तोच खाली उतरून स्टंप घेऊन मारायला आला तर ती मारहाण. दोन वह्या एकत्र ठेवून कुणी वाचत नाही, म्हणून राग किती माणसे मारतो याचा आकडा आपल्याकडे तयारच होत नाही.

अमेरिकेत ‘रोड रेज’ हा प्रकार १९८० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर लागोपाठ झालेल्या गोळीबारांच्या बातम्यांतून नावारूपाला आला. मग मानसशास्त्रज्ञांनी तो मोजायला घेतला. कोलोरॅडोच्या जेरी डेफेनबाखर यांनी १९९४ मध्ये गाडी चालवतानाच्या रागाची मोजपट्टी केली. राग येण्याची सहा निमित्ते त्यांनी धरली: समोरच्याचे शत्रुत्वाचे हावभाव, त्याने नियम मोडणे, उद्धटपणा, हळू चालणारी गाडी, वाहतुकीतले अडथळे आणि पोलिसांचे दर्शन. शेवटचे निमित्त वाचून आपल्याकडच्या कुणालाही हसू फुटेल, पण आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे पांढरी टोपी दिसताच सीट बेल्ट ओढणारा माणूस काय पुटपुटतो ते आठवून बघावे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रतिष्ठानाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ८० टक्के चालकांनी आधीच्या वर्षभरात निदान एकदा तरी गाडी चालवताना चांगलाच राग आल्याचे कबूल केले होते. म्हणजे राग येणे ही विकृती म्हणता येत नाही. तो जवळजवळ सगळ्यांना येतो. मग तो काहींवरच का निघतो?

याचे सगळ्यात चोख उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडते. अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस या दोघांनी कॅलिफोर्नियात सिग्नल हिरवा झाल्यावरही मुद्दाम गाडी न हलवता मागच्यांची प्रतिक्रिया नोंदवली. १९६८ मध्ये तो निबंध छापून आला. पुढे उभी गाडी जुनी, कळकट असली की मागच्यांपैकी ८४ टक्के जणांनी बारा सेकंदांत हॉर्न वाजवला. तीच चकचकीत, महागडी क्रायस्लर असली की फक्त ५० टक्क्यांनी. खोळंबा दोन्हीकडे सारखाच, हिरवा दिवा सारखाच. फरक पुढे कोण आहे एवढाच.

हा प्रयोग खंबाटकीत रोज होतो, फक्त कुणी टिपण घेत नाही. घाटात वडाप जीपने वाट अडवली तर मागचा उतरून जातो, ‘दिसत न्हाय व्हय रं?’ काळ्या काचांच्या, पुढे झेंडा लावलेल्या मोठ्या गाडीने तेच केले तर मागे शांतता. फार तर काच बंद करून एक शिवी. ज्याचा राग अनावर असतो त्याला समोरच्या गाडीची किंमत दिसत नाही; आपल्या लोकांना ती पावसात, रात्री, डिपरच्या झोतातसुद्धा बरोबर दिसते. आणि हे गाड्यांच्या मालकांनाही पक्के ठाऊक असते, म्हणून तर नंबरप्लेटचे एवढे प्रस्थ. ४१४१ हा क्रमांक जरा वळवून लिहिला की ‘दादा’ वाचता येतो. तो मिळवायला परिवहन कार्यालयात जास्तीचे पैसे मोजायची तयारी असते. मागच्या काचेवर आडनाव, कुळाचा अभिमान, ‘प्रेस’, ‘पोलीस’, ‘सरपंच’. मजा म्हणजे कोलोरॅडोतच २००८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की गाडीवर जितकी स्टिकरे आणि वैयक्तिक खुणा जास्त, तितका चालक रस्त्यावर आक्रमक. मग ती स्टिकरे शांतीचा संदेश देणारी का असेनात. संशोधकांचे म्हणणे असे की असा माणूस गाडीला आपली हद्द मानतो आणि गाडीपुढचा रस्ताही त्या हद्दीत धरतो. सातारा-सांगलीत हद्दीवरून डोकी फुटण्याची परंपरा बांधाच्या काळापासूनची आहे. ती आता चाकांवर आली आहे, इतकेच. उच्च सुरक्षा पाट्या सक्तीच्या झाल्या त्याचा निदान एक फायदा: अंक अंकांसारखे दिसायला लागतील.

माणूस बघून राग येतो हे मान्य केले तरी राग येण्याचे प्रसंग रस्ताच पुरवतो, आणि त्या बाबतीत हा महामार्ग उदार आहे. पुणे-साताऱ्याचे सहापदरीकरण २०१० मध्ये सुरू झाले. ते अडीच वर्षांत संपायचे होते. त्यानंतर किती उन्हाळे गेले हे या भागातल्या माणसाला विचारा. वळवलेले रस्ते, अर्धे पूल आणि सेवारस्त्यांचे खड्डे याच काळात एका पिढीच्या ओळखीचे झाले. टोल मात्र खेड शिवापूरला आणि आनेवाडीला वेळेवर घेतला गेला. साताऱ्याच्या पुढे शेंद्रे ते कागल सहापदरीकरण निघाले तेव्हा कराड आणि पुढे सांगलीकडे वळणाऱ्यांच्या वाट्याला तेच आले. केरळात अशाच तुंबलेल्या महामार्गाच्या टोलवसुलीला तिथल्या उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली; पासष्ट किलोमीटरला बारा तास लागत असतील तर माणसाने टोल कशासाठी भरायचा, हा न्यायमूर्तींचा प्रश्न खंबाटकीत अडकलेल्या कुणाचाही असू शकतो. अशा रांगेत बसलेल्याचा राग खरा असतो, त्याला कारणही असते. फक्त ज्याच्यावर राग आहे तो महामार्ग प्राधिकरणाच्या कचेरीत बसलेला असतो आणि हाताशी सापडतो तो पुढचा टेम्पोवाला.

उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीचे घ्या. चारचाकीवाला तिला पाहून पेटतो आणि कायद्याने त्याचे बरोबरच आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये प्रवाहाविरुद्ध गाडी चालवणे धोकादायक वाहनचालन म्हणून स्पष्ट लिहिले आहे. पण महामार्गाने ज्याच्या गावाचे दोन तुकडे केले, घर एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला ठेवले, त्याला वळायची जागा दोन-अडीच किलोमीटरवर दिली की तो दिवसातून चार वेळा काय करणार, याचा विचार नकाशा काढणाऱ्याने करायला हवा होता. शिरवळ आणि खंडाळ्याच्या कारखान्यांत पाळी सुटते तेव्हा दुभाजकावर पाय टाकून रस्ता ओलांडणारे कामगार आत्महत्या करायला निघालेले नसतात. भुयारी मार्ग जिथे सोयीचा आणि कोरडा असतो तिथे लोक तो वापरतात. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचणारा भुयारी मार्ग कागदावरच वापरात असतो.

मग उसाचा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत भुईंजच्या किसन वीरपासून कराडच्या सह्याद्री, रेठऱ्याच्या कृष्णा आणि वाळव्याच्या राजारामबापू कारखान्यापर्यंत सगळा मुलूख ट्रॅक्टरच्या मागे रांगेत असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि पुढे स्पीकरवर गाणी इतकी मोठी की तुमचा हॉर्न चालकापर्यंत पोहोचण्याची शक्यता शून्य. कारखाने आणि परिवहन विभाग हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावतात. महिन्याभरात चिखलाने किंवा वाड्याने ते झाकले जातात. ट्रॅक्टरमागे अडकलेला मोटारवाला डेफेनबाखरच्या ‘हळू चालणारी गाडी’ या निमित्ताचा नमुना. पण रात्री त्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळून मरणारा बहुतेक वेळा दुचाकीवर असतो आणि त्याला ट्रॉली दिसलेलीच नसते. पुन्हा तेच: चिडणारा एक, मरणारा दुसरा. देशातल्या २०२२ च्या मृतांत दुचाकीस्वार ४४ टक्क्यांहून जास्त होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे. रस्त्यावर सगळ्यात जास्त ज्यांच्यावर खेकसले जाते तेच हे दोन वर्ग.

सुरूर फाट्याला वाईकडे वळले की पसरणीच्या घाटात आणखी एक तमाशा. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरला निघालेली पुण्या-मुंबईची गर्दी आणि इथले रोजचे लोक. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचे असते, कारण चढावर थांबलेली लादलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड. एसटीच्या चालकाला हे रक्तात मुरलेले असते. आठवड्याच्या सुट्टीवर आलेल्याला बहुधा गाडी विकणाऱ्याने ते सांगितलेले नसते आणि परवाना देणाऱ्यानेही विचारलेले नसते. दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात आणि मग एमएच १२ विरुद्ध एमएच ११ असा सामना सुरू होतो, ज्यात मूळ मुद्दा पहिल्या मिनिटात हरवतो.

मालवाहू गाडीच्या चालकाबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण रागाच्या गोष्टीत खलनायक म्हणून तोच उभा केला जातो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे तो सांगायचा. बंगळूर-मुंबई मार्गावरच्या चालकांना हे वाचून दाखवले तर ते चहा पाजतील. केबिन वातानुकूलित हवी हा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांना लागू झाला. त्याआधीची लाखो वाहने आणखी कित्येक वर्षे तापलेल्या इंजिनाशेजारी माणूस बसवून धावणार. उष्णतेचा संबंध वरवरचा नाही. केनरिक आणि मॅकफार्लेन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी फिनिक्स शहरात सिग्नलवर गाडी अडवून पाहिली, तर जसजसे तापमान चढले तसतसे हॉर्न वाढले, आणि हा परिणाम काचा खाली असलेल्या, म्हणजे बहुधा वातानुकूलन नसलेल्या चालकांत अधिक ठळक होता. माणदेशातून, जतकडून येणाऱ्या चालकाला हे सांगायला फिनिक्सची गरज नाही, पण धोरण ठरवणाऱ्यांना कदाचित असेल.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवयही याच पैशांच्या हिशेबातली. फेरीला डिझेल मोजून मिळते, वाचले तर चालकाचे. गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा आपसूक मिळणारा अडथळा जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, पकड सुटते. इंजिनच बंद केले तर हवेच्या ब्रेकची टाकी भरत नाही आणि स्टिअरिंग दगडासारखे होते. गंमत अशी की नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जवळजवळ जातच नाही. वाचवायला काही नसते. हे चालकाला कुणी सांगितले नाही, मालकाला बहुधा माहीत नाही. याच महामार्गावर उत्तरेला, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने वाटेत येईल त्याला ठोकरत नेले. अग्निशमन दलाच्या सुरुवातीच्या मोजणीत ४८ वाहनांचे नुकसान होते. पाठोपाठ चर्चा झाली ती उतार, ब्रेक आणि न्यूट्रलची. रागाचा तिथेही पत्ता नव्हता.

कायद्याने रागाचे काय केले? पतियाळात २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यात उभ्या केलेल्या गाडीवरून झालेल्या वादात मारहाण होऊन पासष्ट वर्षांच्या गुरनाम सिंग यांचा मृत्यू झाला. आरोपी क्रिकेटपटू, पुढे राजकारणी झालेले नवज्योत सिंग सिद्धू. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हजार रुपये दंडावर सोडले आणि फेरविचारात १९ मे २०२२ रोजी एक वर्षाची सक्तमजुरी दिली. तेहतीस वर्षांहून अधिक. बरोबर दोन वर्षांनी, १९ मे २०२४ ला, पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. लोकांच्या मनात जे बसायचे ते त्या निबंधाने बसले. घाटात काळ्या काचेच्या गाडीमागे हॉर्न न वाजवणारा माणूस भित्रा नसतो. त्याने वर्तमानपत्र वाचलेले असते.

जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस आठवत असतील. भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) विरुद्ध ट्रकचालकांनी चाके थांबवली आणि महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असे ते कलम. चालकांचे म्हणणे साधे होते: थांबलो तर जमाव मारतो. सरकारने माघार घेतली. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवले होते. आजही मृत्यूच्या गुन्ह्यात १०६(१) लागते, कमाल पाच वर्षे.

त्या संपाच्या चर्चेत एक गोष्ट निसटली असे मला वाटते. रस्त्यावरच्या रागाचा सगळ्यात घातक प्रकार दोन चालकांमधला नसून अपघातानंतर जमलेल्या गर्दीचा असतो. तो राग मृताच्या नातलगांचाही नसतो, कारण ते अजून पोहोचलेले नसतात. तो आजूबाजूच्या माणसांचा असतो, आणि त्यातही माणूस बघितला जातो: मोठ्या गाडीचा मालक गाडीत बसून फोन लावतो, परप्रांतीय ट्रकचालकाला बाहेर ओढले जाते. मार खायच्या भीतीने चालक पळतो, पळताना पुढे आणखी कुणाला ठोकतो, आणि मागे जखमी तसाच पडून राहतो. कायद्याच्या भाषेत ‘कळवणे’ आहे, ‘तिथेच थांबणे’ नाही. पुढच्या पोलीस ठाण्यात किंवा महामार्ग पोलिसांच्या मदत केंद्रात हजर झाले तरी चालते. हे एक वाक्य चालकांच्या संघटनांनी, मालकांनी आणि पोलिसांनी ढाब्याढाब्यावर लावायला हवे होते. त्याऐवजी कलमच टांगून ठेवले गेले.

उलट बाजूही इथलीच आहे. खंबाटकीत अपघात झाला की सरकारी यंत्रणेच्या आधी बऱ्याचदा शिरवळ-खंडाळ्याच्या स्वयंसेवी बचाव पथकांतले तरुण पोहोचतात, दोर, कटर आणि बॅटऱ्या घेऊन. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ३० मार्च २०१६ चा. २०१९ मध्ये तो कलम १३४-अ म्हणून मोटार वाहन कायद्यात आला. या पोरांना तो संरक्षण देतो. त्याच गावांतली दुसरी काही माणसे उलटलेल्या टेम्पोतले टोमॅटो पोत्यात भरत असतात, हेही लिहिलेच पाहिजे.

आता दुसऱ्या खंडाळ्याकडे. लोणावळ्याजवळचा बोरघाट हा राज्यात रागासाठी आणि अपघातांसाठी जास्त प्रसिद्ध. याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १४ ऑगस्ट २०२२ ला राजकीय नेते विनायक मेटे अपघातात गेले. या मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन आणि रस्ते विकास महामंडळ यांनी शून्य मृत्यूचे लक्ष्य ठेवून काम सुरू केले. त्यांनी चालकांचा स्वभाव सुधारायला घेतला नाही. उघडे खांब आणि पुलांचे कठडे झाकले, कठड्यांची टोके नीट केली, थांबलेल्या ट्रकमागे आदळण्याच्या जागा शोधल्या, वेग आणि लेनच्या कारवाईत सातत्य आणले, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल असे पाहिले. २०२३ पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले होते. माणसे तीच होती, तितकीच चिडकी. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन आयुष्यभर हेच सांगत राहिले: चालकाला दोष देऊन तुम्हाला समाधान मिळेल, मृत्यू कमी होणार नाहीत. स्वीडनने १९९७ मध्ये कायद्याने हीच भूमिका घेतली, की माणूस चुकणारच, तेव्हा चुकीची शिक्षा मरण नसेल असा रस्ता बांधा. आपल्या मोटार वाहन कायद्यातही कलम १९८-अ आहे: रस्त्याच्या रचनेत हयगय केल्यामुळे मृत्यू झाला तर ठेकेदार, सल्लागार किंवा प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड. महामार्गाच्या एका पुलाच्या खर्चाशी ही रक्कम ताडून बघण्यासारखी आहे.

पण मोहन यांच्या बाजूने पूर्ण झुकताना मी थोडा अडखळतो. रस्ता सुधारला की राग आपोआप जाईल असे नाही, कारण तो हिशेबी आहे. बोगद्यात कॅमेरा असल्याचे कळले की शंभरने जाणारा ऐंशीवर येतो आणि कॅमेरा संपला की पुन्हा शंभर. हे वर्तन तापट माणसाचे नाही. म्हणूनच पकडले जाण्याची खात्री शिक्षेच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू केले, पण चलन मोबाइलवर येते, साठत राहते, आणि लोकअदालतीत सवलतीने मिटते हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दंडाचा आकडा वाढला. हिशेब करणाऱ्याच्या दृष्टीने किंमत तेवढीच राहिली. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला राज्याने २०१५ मध्ये बंदी घातली होती. कुठल्याही ट्रकच्या मागे जाऊन वाचा.

खंबाटकीच्या ‘एस’ वळणावर उतारा म्हणून तीन-तीन पदरांचा जुळा बोगदा आणि जोडरस्ते मिळून सुमारे साडेसहा किलोमीटरचे काम काढले गेले. जानेवारी २०२२ मध्ये नितीन गडकरी यांनी त्याचा खर्च सुमारे ९२६ कोटी आणि मुदत मार्च २०२३ सांगितली होती: घाट चढायला लागणारी पंचेचाळीस मिनिटे पाच-दहावर येतील. ती मुदत उलटून गेली आणि तिच्यामागून आणखी तारखा आल्या. काम योग्य आहे यात मला शंका नाही. वळण जाईल, घाटातली रांग जाईल, आणि तिच्याबरोबर घाटातली भांडणेही. पण ज्या मोटारीला आज घाट सक्तीने दहाच्या वेगावर आणतो ती उद्या तीन पदरांच्या सरळ बोगद्यातून शंभरने सुरूरकडे निघेल, आणि उलट दिशेची तितक्याच वेगाने खंडाळ्याच्या वस्तीकडे उतरेल, जिथे कारखान्याची पाळी सुटते आणि उसाची ट्रॉली सेवारस्त्यावरून वर येते. बोगद्याच्या तोंडापाशी एक आणि शिरवळच्या अलीकडे एक असे दोन कॅमेरे लावून मधल्या अंतराचा सरासरी वेग मोजला, तर कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारण्याची युक्ती चालणार नाही. याला फार खर्च नाही.

महामार्गावरच्या पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे गेली, की तो तुकडा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. जुने वळण वापरातून गेले की यादीतूनही जाईल. नवीन जागा त्या यादीत यायला तीन वर्षांची मरणे लागतील, अशी पद्धत आहे. खंडाळ्याच्या फाट्यावर आणि सेवारस्ते महामार्गाला मिळतात त्या तोंडांवर पहिल्या दिवसापासून वेग आणि थोडक्यात चुकलेले अपघात मोजले, तर तेवढे थांबावे लागणार नाही. ती मोजणी भुईंजच्या महामार्ग पोलिसांनी करायची, खंडाळा पोलीस ठाण्याने की प्राधिकरणाने, हे फीत कापण्याआधी लेखी ठरलेले बरे.